डॉ. द्वारकानाथ कोटणीस : उपचार रुग्णापर्यंत नेणारा डॉक्टर

धाराशिव जिल्ह्यातील माणसाला सोलापूर हे शहर दोन कारणांनी ठाऊक असते : एक बाजारपेठ म्हणून आणि दुसरे दवाखान्यांचे गाव म्हणून. तुळजापूरचा घाट उतरून जाणारा तो सुमारे सत्तर किलोमीटरचा रस्ता आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी घरच्या रुग्णाला सोबत घेऊन, मनात धास्ती बाळगून पार केलेला आहे. आजार हाताबाहेर गेला की सोलापूर, ही आपल्याकडची जुनी रीत. ज्या शहराकडे आपण असे आशेने पाहत आलो, त्याच शहरात जन्मलेल्या एका डॉक्टराचे चरित्र या स्मरणिकेच्या निमित्ताने सांगावे, असे इतिहासाचा शिक्षक म्हणून मला वाटले. त्या डॉक्टराने रुग्णाच्या येण्याची वाट पाहिली नाही. तो स्वतः रुग्ण जिथे पडला होता तिथे गेला, आणि ते ठिकाण त्याच्या घरापासून हजारो मैल दूर होते.

या चरित्राची ओढ मला लागली त्याला एक कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आपल्या जिल्ह्यात तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर आणि आसपासची गावे क्षणात मातीमोल झाली. मी तेव्हा नुकताच शिक्षण संपवलेला तरुण होतो आणि मदतीला गेलेल्या मुलांच्या तुकडीत होतो. जखमींना बाजेवर घालून, मिळेल त्या वाहनातून डांबरी रस्त्यापर्यंत आणले जात होते. मोठी रुग्णालये, त्यांतली यंत्रे आणि तज्ज्ञ आपापल्या जागी होते. जखमी मात्र ढिगाऱ्याखाली होता. या दोहोंमधले अंतर ज्या ज्या हाताने कमी केले, त्याने जीव वाचवले. पुढे काही वर्षांनी डॉ. कोटणीसांविषयी वाचताना मला त्या पहाटेची आठवण झाली; कारण त्यांचे सारे आयुष्य हे अंतर कमी करण्यातच खर्ची पडले होते.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. सोलापूर तेव्हा कापडगिरण्यांचे शहर होते. भोंग्याच्या आवाजावर उठणारे आणि झोपणारे. आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. अंतर थोडे, पण राजवटी दोन. द्वारकानाथ विशीत येत असताना त्यांच्या गावाने मोठी उलथापालथ पाहिली. मे १९३० मध्ये सोलापुरात जनतेचा उठाव झाला, इंग्रज सरकारने लष्करी कायदा पुकारला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे या चौघांना फाशी दिले. परक्या सत्तेची टाच म्हणजे काय, हे त्या शहरातील तरुणांना कोणत्याही पुस्तकातून शिकण्याची गरज उरली नव्हती.

वैद्यकीय शिक्षणासाठी द्वारकानाथ मुंबईस गेले आणि परळ येथील सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. १९२५ साली सुरू झालेले हे महाविद्यालय आणि त्याला जोडून उभारलेले के. ई. एम. रुग्णालय यांचे एक वैशिष्ट्य होते. येथील अध्यापक व डॉक्टर भारतीयच असावेत, या आग्रहातून ही संस्था उभी राहिली होती. भारतीय डॉक्टर कोणाहून कमी नाही, हे सिद्ध करण्याची ईर्षा तेथील वातावरणात होती. पदवी घेतल्यानंतर कोटणीस पुढील उच्च शिक्षणाच्या तयारीत होते. शस्त्रक्रियेकडे त्यांचा ओढा होता. चांगली वैद्यकी, मानमरातब आणि स्थिर संसार हा मार्ग त्यांच्यासमोर मोकळा होता.

त्या काळातील वैद्यकाची स्थिती थोडी समजून घेतली पाहिजे, तरच पुढील कथेचे मोल कळेल. क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागला होता, त्यामुळे शरीरात रुतलेली गोळी व मोडलेले हाड दिसू लागले होते. १९०१ मध्ये रक्तगट ओळखले गेले आणि एका माणसाचे रक्त दुसऱ्यास देणे सुरक्षित होण्याचा मार्ग खुला झाला. १९३५ पासून सल्फा गटातील औषधे येऊ लागली होती. पेनिसिलिनचा शोध १९२८ मध्ये लागला असला तरी ते रुग्णांना मोठ्या प्रमाणावर मिळू लागले ते दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांत. म्हणजे शस्त्रक्रियेची साधने बरीच पुढे गेली होती, पण जखमेत शिरलेल्या जंतूंशी लढण्याचे खरे प्रभावी औषध अजून हाती नव्हते. जखम वेळेत धुऊन, सडू लागलेला भाग काही तासांच्या आत कापून काढणे, हाच जीव वाचवण्याचा मुख्य उपाय होता.

साधने होती, पण ती कोणासाठी होती? याच काळातील एक प्रसंग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत नोंदवला आहे. १९२९ साली काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण पत्नी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. मिनतवाऱ्या झाल्यावर त्याने तिला वस्तीबाहेर आणवून पाहिले. ताप मोजायचा होता, तर डॉक्टराने तापमापक एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याकडे दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच हातांच्या साखळीतून तो परत डॉक्टराकडे गेला. निदान झाले, ती बाई मात्र वाचली नाही. तापमापक अचूक होता. त्या काचेच्या नळीत कोणताही दोष नव्हता. दोष तिच्यामागे उभ्या असलेल्या माणसात होता. ज्या वर्षी हे घडले त्या सुमारास कोटणीस विद्यार्थिदशेत होते. त्याच देशातील एका डॉक्टराने रुग्णापासून चार पावले दूर राहणे पसंत केले आणि दुसऱ्याने पुढे रुग्णासाठी समुद्र ओलांडला, ही तुलना मी माझ्या वर्गात नेहमी करतो.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर चढाई केली. शहरे बॉम्बने उद्ध्वस्त होत होती आणि चीनकडे डॉक्टर फारच थोडे होते. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून भारतातून डॉक्टर पाठवण्याची विनंती केली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी जनतेला आवाहन केले आणि निधी उभा राहिला. स्वतः गुलाम असलेल्या देशाने दुसऱ्या पीडित देशास वैद्यकीय मदत पाठवावी, ही घटनाच असाधारण होती. पाच डॉक्टर निवडले गेले. अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल हे पथकप्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बिजॉयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही झाले नव्हते.

१ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ या बोटीने पथक मुंबईहून निघाले. सोबत रुग्णवाहिका, क्ष-किरण यंत्र, शस्त्रक्रियेची हत्यारे आणि औषधांच्या पेट्या होत्या. सातव्या शतकात ह्युएन त्संग धम्माच्या ज्ञानासाठी चीनहून भारतात आला आणि आपल्या महाराष्ट्रातूनही गेला, हे आपण मुलांना शिकवतो. तेराशे वर्षांनी हे पाच जण उलट दिशेने निघाले होते, औषधे घेऊन. हाँगकाँग, कँटन, हांको, मग यांगत्से नदीने आत चुंगकिंग, असा त्यांचा प्रवास झाला. मागून जपानी फौजा एकेक शहर घेत येत होत्या. चुंगकिंगमध्ये या डॉक्टरांना चिनी नावे मिळाली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी चीन या अर्थाचे ‘हुआ’ हे अक्षर जोडले गेले. कोटणीस तेव्हापासून चिनी लोकांसाठी के दिहुआ झाले.

त्याच सुमारास घरून वडिलांच्या निधनाची बातमी आली. परतण्याची मुभा होती, घराची जबाबदारीही होती. सहकाऱ्यांनी परत जाण्याचा सल्ला दिला, पण कोटणीस परतले नाहीत. हा निर्णय योग्य की अयोग्य, हे ज्याने घरचा माणूस गमावला आहे त्यानेच ठरवावे. मला एवढेच दिसते की त्या मुलाने आपले दुःख पेटीत बंद केले आणि पथकाबरोबर उत्तरेची वाट धरली.

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी ते येनानला पोचले. तेथील रुग्णालय पाहून मुंबईहून आलेल्या डॉक्टरांना नवल वाटले असेल. पिवळ्या भुसभुशीत मातीच्या डोंगरात खोदलेल्या गुहा, आणि त्या गुहांत रुग्णांच्या खाटा. आपल्या धाराशिवच्या लेण्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना डोंगराच्या पोटातील अशा निवाऱ्याची थोडी कल्पना येईल, मात्र येथे दगड नव्हता, माती होती. जपानी विमानांच्या बॉम्बपासून वाचण्याचा तोच मार्ग होता. काही महिन्यांत पथकातील चोळकर व मुखर्जी मायदेशी परतले. उरलेले तिघे, अटल, बसू आणि कोटणीस, १९३९ च्या अखेरीस आघाडीच्या दिशेने निघाले. पुढे प्रकृतीमुळे अटल यांनाही परतावे लागले. बसू आणि कोटणीस शत्रूची नाकेबंदी रात्रीच्या अंधारात ओलांडत, बहुतांश पायी, उत्तर चीनच्या डोंगराळ सीमाप्रदेशात पोचले. मंजुश्री बोधिसत्त्वाचे स्थान मानला जाणारा वू-ताई पर्वत याच भागात आहे.

या प्रदेशात त्यांच्या आधी कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथून काम करून गेले होते. बेथून यांनी १९३६ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात फिरती रक्तपेढी चालवली होती. चीनच्या डोंगरात मोटार जाऊ शकत नव्हती, तेव्हा त्यांनी खेचराच्या पाठीवर बसेल असा लाकडी सांगाडा तयार करवला. त्यात शंभर शस्त्रक्रिया, पाचशे मलमपट्ट्या आणि पाचशे औषधयोजना यांना पुरेल एवढे साहित्य बसत असे. गावातील सुतार हाडे बसवण्याच्या फळ्या करीत. जखमी रुग्णालयात येईपर्यंत थांबले तर तो वाटेतच दगावतो, म्हणून शस्त्रक्रियागृहच लढाईच्या जवळ न्यायचे, हा त्यांचा सिद्धान्त होता. हातमोजे नसताना शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष रक्तात भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी बेथून मरण पावले. एका रबरी हातमोज्याच्या अभावी केवढा डॉक्टर गेला, हे लक्षात घेतले म्हणजे साधनांची किंमत कळते. कोटणीस त्यांना भेटू शकले नाहीत. त्यांच्या वाट्याला बेथून यांचे अपुरे काम आले.

१९४० च्या उत्तरार्धात चिनी फौजांनी जपान्यांविरुद्ध मोठी मोहीम उघडली. कोटणीस आघाडीलगतच्या शस्त्रक्रिया केंद्रावर होते. तेरा दिवसांच्या एका लढाईत त्यांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले आणि त्यांपैकी साडेपाचशेहून अधिक जणांवर शस्त्रक्रिया केल्या. एका प्रसंगी बहात्तर तास न झोपता ते काम करीत राहिले. पट्ट्या उकळून पुन्हा वापरायच्या, भूल देण्याचे औषध जपून वापरायचे, हत्यारे पुन्हा पुन्हा उकळायची, आणि गोळीबार जवळ आला की सारा पसारा खेचरांवर लादून पुढच्या गावी जायचे, असे ते रुग्णालय होते.

जानेवारी १९४१ मध्ये बेथून यांच्या नावाने चाललेल्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालक म्हणून कोटणीसांची नेमणूक झाली. त्याला जोडलेल्या वैद्यकीय शाळेत ते शिकवू लागले. शिक्षक म्हणून मला या भागाचे अधिक महत्त्व वाटते. त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली. रुग्णाचे दुखणे त्याच्या भाषेत ऐकू लागले आणि खेड्यातील मुलामुलींना त्यांच्याच भाषेत शल्यशास्त्र शिकवू लागले. शल्यशास्त्रावरचे पाठ्यपुस्तकही त्यांनी चिनी भाषेत लिहावयास घेतले. यंत्र मागवता येते, औषध विकत घेता येते; परंतु ते वापरणारे हात तयार करावे लागतात, हे त्यांनी ओळखले होते. तेथेच परिचर्या शिकवणाऱ्या गुओ चिंगलान यांच्याशी १९४१ च्या अखेरीस त्यांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. सेनानी नी रोंगचन यांच्या सूचनेवरून त्याचे नाव यिनहुआ ठेवले गेले. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन.

या सुखाला आधीच तडा गेला होता. कोटणीसांना अपस्माराचे, म्हणजे आपल्याकडे ज्याला फेफरे किंवा फिट म्हणतात त्याचे झटके येऊ लागले होते. त्यांनी प्रदेश सोडून उपचारासाठी जावे असे वरिष्ठांनी सुचवले, पण जखमी सोडून जाण्यास ते तयार झाले नाहीत. येथे इतिहासाचा एक क्रूर योगायोग आहे. मेंदूतील विद्युतलहरी कागदावर उमटवणारे यंत्र जर्मनीत विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातच तयार झाले होते. फिनोबार्बिटल हे औषध १९१२ पासून वापरात होते. आणि फिनिटॉइन हे नवे औषध अपस्मारावर गुणकारी असल्याचे अमेरिकेत प्रसिद्ध झाले ते १९३८ मध्ये, कोटणीस मुंबईहून निघाले त्याच वर्षी. जगात उपचार होता. नाकेबंदीतल्या त्या डोंगराळ खेड्यात मात्र तो नव्हता. ९ डिसेंबर १९४२ च्या पहाटे, लागोपाठच्या झटक्यांनंतर डॉ. कोटणीस मरण पावले. वय होते बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. ज्याने शेकडो रुग्णांपर्यंत उपचार नेला, त्याच्यापर्यंत उपचार पोचू शकला नाही.

हपेई प्रांतातील खेड्यात त्यांचे दफन झाले. पुढे १९५३ मध्ये त्यांचे अवशेष शिच्याच्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत नेण्यात आले. डॉ. बेथून यांची समाधीही तेथेच आहे. भारतात ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढून स्वतः कोटणीसांची भूमिका केली. मुलगा यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये अकाली गेला. गुओ चिंगलान २०१२ पर्यंत जगल्या. १९६२ मध्ये दोन्ही देशांत युद्ध झाले, कटुता आली, ती अजूनही पुरती सरलेली नाही. तरी तेथील लोकांनी या डॉक्टराच्या समाधीवरील फुले थांबवली नाहीत. सोलापुरात त्यांच्या जन्मघराचे स्मारक करण्यात आले आहे. तुळजापूरमार्गे सोलापूरला जाणाऱ्या आपल्या माणसांनी, दवाखान्याचे काम आटोपल्यावर, एकदा तेथे मुलांना घेऊन जावे.

आता आपल्याविषयी दोन शब्द. आज परिस्थिती पालटली आहे. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात धावते आहे. बेथून यांच्या खेचराचीच ती पुढची पिढी. धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. सीटी स्कॅन, सोनोग्राफी, डायलिसिस हे शब्द आता खेड्यातही परके राहिलेले नाहीत. आणि ज्या अपस्माराने कोटणीसांचा बळी घेतला, त्याच्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे सात जण योग्य औषध नियमित घेतल्यास झटक्यांविना जगू शकतात. असे असूनही आपल्या भागात झटका आलेल्या मुलाच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरली जाते, अंगारा लावला जातो, आणि मुलगी असेल तर लग्न मोडेल म्हणून दुखणे लपवले जाते. निवासी शाळेत तीस वर्षांच्या आसपास काम करताना अशी मुले मी पाहिली आहेत. पालकांना माझी विनंती आहे की, मुलाला झटके येत असतील तर प्रवेशाच्या वेळीच सांगावे, लपवू नये. झटका आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर तत्काळ रुग्णालयात न्यावे. औषधाची गोळी एक दिवसही चुकवू नये. डॉ. कोटणीसांना जी गोळी मिळू शकली नाही, ती आज आपल्या सरकारी दवाखान्यात मिळते.

आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आज परिचारक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, औषधनिर्माते आणि डॉक्टर म्हणून काम करीत आहेत. त्यांच्यापैकी अनेकांच्या आजोबांना दवाखान्याच्या उंबऱ्याबाहेर थांबावे लागले होते. ज्यांच्या घरच्यांपासून तापमापकही दूर धरला गेला, त्यांच्या मुलाच्या हाती आज रक्तदाबाचे यंत्र आहे. त्या हाताने रुग्णाची जात, गाव, खिसा पाहून मागे सरू नये आणि जो रुग्ण येऊ शकत नाही त्याच्यापर्यंत स्वतः जावे. सोलापूरच्या त्या बत्तीस वर्षांच्या डॉक्टराला वाहायची आदरांजली याहून वेगळी असू शकत नाही.